मदत हवी आहे: फिटची गोळी (फेनिटॉइन) 300 ची 400 केली, रक्तातली पातळी 8 वरून 29 वर कशी गेली?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात फार्माकोकायनेटिक्स आहे, म्हणजे औषध शरीरात किती जातं, किती टिकतं आणि किती बाहेर पडतं याचं गणित. पुस्तकातली गणितं सुटतात, पण एक गणित आमच्या घरातच घडलंय आणि ते काही केल्या बसत नाही. सरांना विचारायचं तर परीक्षेआधीची सुट्टी लागली आहे, म्हणून इथे विचारते.

आधीच सांगते, कुणाचा डोस ठरवून घ्यायला आलेले नाही. आत्याचा डोस तिच्या डॉक्टरांनी ठरवलाय आणि ती आता बरी आहे. जे झालं ते का झालं, एवढंच मला समजून घ्यायचंय.

आम्हाला शिकवलेली रीत अशी. समजा 60 किलोचा माणूस आहे आणि थिओफायलिन (दम्याचं औषध) द्यायचंय. क्लिअरन्स, म्हणजे ठरावीक वेळात जेवढं रक्त औषधापासून मोकळं होतं ते माप, तासाला किलोमागे 0.04 लिटर, म्हणजे त्याचा तासाला 2.4 लिटर. रक्तात लिटरला 10 मिलिग्रॅम पातळी हवी असेल तर तासाला 24 मिलिग्रॅम औषध शरीराबाहेर पडणार. तेवढंच आत गेलं की पातळी टिकते. बारा तासांचे 288. तोंडाने घेतलेलं थिओफायलिन जवळपास सगळं रक्तात पोचतं, म्हणून बायोअव्हेलेबिलिटी (डोसचा रक्तात पोचणारा हिस्सा) 1 धरायची आणि 300 ची सावकाश विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा द्यायची. अमिनोफायलिन असेल तर त्यात खरं थिओफायलिन सुमारे 80 टक्केच, म्हणून 288 भागिले 0.8, म्हणजे 360. इथवर मला काही अडचण नाही. डोस दीडपट केला की पातळी दीडपट होणार. सरळ त्रैराशिक.

आता आत्याचं. वजन 60 च्या आसपास, आष्ट्याजवळ राहते. फिट येते म्हणून बरीच वर्षं फेनिटॉइन सोडियम रोज 300 मिलिग्रॅम. उन्हाळ्यात पुन्हा फिट आली. पातळी तपासली तर लिटरला 8 मिलिग्रॅम निघाली, हवी 10 ते 20. डॉक्टरांनी डोस 400 केला. मी वहीत मांडलं: 8 × 400 ÷ 300, म्हणजे 10.7. मनात म्हटलं, अगदी बरोबर जागी येणार.

पहिले दोन आठवडे ती ठीक होती. तिसऱ्या आठवड्यापासून चालताना भिंत धरायला लागली. बोलणं जड. आम्हाला वाटलं उन्हाने, वयाने. सहाव्या आठवड्यात अंगणात पडली तेव्हा दवाखान्यात नेलं. पातळी 29! डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवून मग 350 वर सुरू केली.

गोळी एकही चुकलेली नाही आणि जास्तही घेतलेली नाही, डबी मी स्वतः भरते. मग 10.7 च्या जागी 29 कसे? आणि मी फार्मसीची विद्यार्थिनी असून तीन आठवडे मला दिसलं नाही, हे मनातून जात नाही.

तासगावचा मेडिकलवाला

ताई, आधी एक बघा. डोस वाढवला तेव्हा गोळीची कंपनी बदलली होती का? फेनिटॉइनमध्ये याने मोठा फरक पडतो. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅप्सूलमधलं भरीचं द्रव्य बदललं, कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं. औषध तेवढंच, पण शोषण वाढलं आणि त्याच डोसवर असलेल्या बऱ्याच रुग्णांना विषबाधेची लक्षणं आली. तेव्हापासून हे उदाहरण शिकवतात. मी दुकानात फेनिटॉइनच्या पेशंटला शक्यतो तीच कंपनी देतो. नसेल तर एक दिवस थांबवून मागवून देतो, पण बदलून देत नाही.

दुसरं, सिरप आणि गोळी सारखी नसते. सोडियम सॉल्टच्या 100 मध्ये फेनिटॉइन 92. सस्पेन्शनमध्ये बहुधा फेनिटॉइनच असतं, तिथे 100 म्हणजे 100. लेबल वाचायचं.

वॉर्डातली (कराड)

मी नर्स आहे, मेडिसिन वॉर्डला बरीच वर्षं काढली. तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. घरच्यांना हे वयाचंच वाटतं, नेहमी.

मला तीन गोष्टी कळव. एक, रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढलं होतं का. दोन, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) किती होतं. तीन, मधल्या काळात दुसरं काही औषध सुरू झालं का, विशेषतः टीबीचं आयसोनियाझिड किंवा बुरशीवरचं फ्लुकोनाझोल. ही दोन्ही यकृतात फेनिटॉइनचं विघटन अडवतात.

अल्ब्युमिन का विचारते, तर फेनिटॉइन जवळजवळ 90 टक्के प्रथिनांना चिकटून असतं. लॅब मोजते ते सगळं मिळून, काम करतं ते सुटं. अल्ब्युमिन 2.5 असलेल्या पेशंटची पातळी 8 आली तर शायनर-टोझर सूत्राने 8 भागिले (0.2 × 2.5 + 0.1), म्हणजे 13 च्या वर जाते. कागदावर कमी दिसते, प्रत्यक्षात पुरेशी असते. अशा पेशंटचा डोस वाढवला की पंचाईत.

आणि डोळे बघायचे. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरतात. पातळी 20 च्या वर गेली की बहुतेकांत आधी हेच दिसतं. 30 च्या पुढे तोल जातो, 40 च्या पुढे ग्लानी आणि गोंधळ. प्रत्येकाचं थोडं मागेपुढे.

कृष्णाकाठची

दादा, कंपनी तीच. रिकाम्या पट्ट्या जपून ठेवल्यात, त्या पाहून सांगते. गोळीवर फेनिटॉइन सोडियम लिहिलंय.

ताई, दोन्ही वेळा सकाळी गोळीआधी. अल्ब्युमिन 4.2. तुमच्या सूत्राने भाजक 0.94 येतो, म्हणजे फारसा फरक नाही. दुसरं औषध फक्त कॅल्शियमची गोळी, तीही आधीपासून.

मिरजेचा मास्तर

मी मिरजेत औषधशास्त्र शिकवतो. बाई, तुझी माहिती इतकी नीट आहे की तिच्यावरून आत्याचं गणित मांडता येतं. चूक 400 मध्ये शोधू नकोस. चूक त्रैराशिकात आहे.

त्रैराशिक कधी चालतं? क्लिअरन्स स्थिर असेल तेव्हा. थिओफायलिनचं साधारण तसं असतं. पातळी वाढली की त्याच प्रमाणात विघटनही वाढतं. तळाला भोक असलेल्या टाकीसारखं, पाणी वर चढलं की धार जोरात पडते आणि पातळी कुठेतरी थांबते.

फेनिटॉइनचं विघटन करणारं यकृतातलं एन्झाइम नेहमीच्या डोसलाच थकायला लागतं. सांगलीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला कोयना पुरे. धरणात आवक वाढली की दरवाजे वर उचलायचे, विसर्ग वाढवायचा. पण सहाही वक्र दरवाजे पूर्ण उचलून झाले आणि आवक त्याहून जास्त असेल तर? मग पाणी चढतच राहणार. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका हे आपल्याला तोंडपाठ आहे. फेनिटॉइनची इशारा पातळी 20 समज. आवक थोडीशीच वाढली तरी पातळी किती चढेल, हे दरवाजे किती शिल्लक आहेत यावर ठरतं.

आता आकडे. 300 मिलिग्रॅम सोडियम सॉल्ट म्हणजे 276 मिलिग्रॅम फेनिटॉइन. 400 म्हणजे 368. पातळी स्थिर असेल तर रोज जेवढं आत तेवढंच बाहेर, म्हणून 8 पातळीला क्लिअरन्स झाला 276 भागिले 8, दिवसाला 34.5 लिटर. 29 ला 368 भागिले 29, म्हणजे 12.7 लिटर. माणूस तोच, यकृत तेच, आणि क्लिअरन्स जवळपास एक तृतीयांश! ज्याला तू स्थिर धरलंस ते स्थिर नव्हतं.

इथे मायकेलिस-मेंटेनचं समीकरण लागतं: रोजचा डोस = व्हीमॅक्स × पातळी ÷ (केएम + पातळी). व्हीमॅक्स म्हणजे सगळे दरवाजे उघडे असतानाचा विसर्ग. केएम म्हणजे विसर्ग त्याच्या निम्मा होतो ती पातळी. आलेख कागदावर उभ्या अक्षावर रोजचा डोस घे, आडव्या अक्षावर डोस भागिले पातळी. तुझे दोन बिंदू: 34.5 ला 276 आणि 12.7 ला 368. रेषा ओढ. तिचा उतार म्हणजे केएम, येतो सुमारे 4.2. उभ्या अक्षाला छेदते तिथे व्हीमॅक्स, सुमारे 421. पुस्तकातलं सरासरी माप किलोमागे 7 मिलिग्रॅम आणि केएम 4. साठ किलोला 420. आत्या अगदी सरासरी आहे, काही विचित्र घडलेलं नाही.

आता तुझं त्रैराशिक यावर घासून बघ. पातळी 12 हवी म्हणून ते सांगतं 300 × 12 ÷ 8 = 450. फेनिटॉइनचे झाले 414. व्हीमॅक्सपासून जेमतेम सात मिलिग्रॅम दूर. समीकरणात घातलं तर पातळी दोनशेच्या वर निघते. आणि 475 दिले तर 437, व्हीमॅक्सच्या पलीकडे, तिथे पातळी थांबतच नाही. म्हणून 300 च्या पुढे जाताना 30 किंवा 50 ने वाढवतात, 100 ने नाही.

वॉर्डातली (कराड)

सर, तो तीन आठवड्यांचा उशीर पण समजावा ना. आमच्याकडेही डोस वाढवून पाचव्या दिवशी पातळी काढतात, चांगली आली म्हणून घरी सोडतात, आणि महिन्याने पेशंट लडखडत परत येतो.

मिरजेचा मास्तर

हो, तेच सांगायचं राहिलं, आणि जपायची जागाही तीच आहे.

पाच अर्धायू (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ तो अर्धायू) झाले की स्टेडी स्टेट, म्हणजे पातळी स्थिरावली, हा नियम स्थिर क्लिअरन्सचा. फेनिटॉइनला एक ठरावीक अर्धायूच नसतो, पातळी वाढते तसा तो लांबतो. आत्याचे आकडे आणि किलोमागे 0.65 लिटर व्हॉल्यूम (औषध शरीरात जेवढ्या लिटरमध्ये पसरल्यासारखं वागतं ते माप) घेऊन, शून्यापासून सुरुवात धरली, तर 90 टक्के पातळी गाठायला 300 च्या डोसवर साडेपाच दिवस लागतात. 350 वर अकरा. 400 वर छत्तीस-सदतीस दिवस! म्हणजे पहिल्या आठवड्यात तपासलं असतं तर रिपोर्ट बरा दिसला असता आणि पाणी खालून चढतच असतं. तिसऱ्या आठवड्यात भिंत धरली, सहाव्यात पडली, हे या गणिताशी तंतोतंत जुळतं.

तुला ते दिसलं नाही, कारण ते दिसण्यासारखं नव्हतंच. रोज थोडं थोडं चढत होतं.

कृष्णाकाठची

सर, आलेख काढला. पट्टी ठेवून रेषा ओढली आणि 421 वर टेकली तेव्हा अंगावर काटा आला. 350 घालून बघितलं: 322 मिलिग्रॅम फेनिटॉइन, 4.2 × 322 भागिले 99 (421 वजा 322), म्हणजे 13.6 च्या आसपास.

हा कागद आत्याच्या डॉक्टरांना दाखवला तर चालेल का? त्यांना उद्धटपणा वाटेल का, याची भीती वाटते.

वॉर्डातली (कराड)

दाखव की. तारखा, डोस, पातळी, गोळीची वेळ एका कागदावर लिहिलेली असली की कुठल्याही डॉक्टरांना बरंच वाटतं. आलेख मागे जोड. "मी असं मांडलंय, तुम्ही एकदा बघाल का" एवढंच म्हण. आणि आत्या पुन्हा भिंत धरायला लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ने.

कृष्णाकाठची

आज दाखवला. डॉक्टरांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि झेरॉक्स फाइलला लावून घेतली. पुढची तपासणी 350 सुरू केल्यापासून चौथ्या आठवड्यात ठेवलीय. आत्याला रोज संध्याकाळी अंगणात सरळ रेषेत चालवते आणि बोटाकडे बघायला लावून बुबुळं बघते. आज दोन्ही ठीक.

वहीत तिसऱ्या बिंदूसाठी जागा सोडलीय आणि शेजारी पेन्सिलीने 13.6 लिहिलंय. रिपोर्ट आला की याच धाग्यावर टाकते.