शब्दचर्चा: कोरियन ‘ए’ आणि ‘ॲ’

शिकाऊ_कोरियन: पुस्तकात ‘ए’ आणि ‘ॲ’ हे दोन वेगळे स्वर दिलेत. ‘के’ म्हणजे खेकडा, ‘कॅ’ म्हणजे कुत्रा. मालिकांत मात्र मला दोन्हीकडे ‘के’च ऐकू येतं. बेट आणि बॅट यांत कधीही न चुकणाऱ्या मराठी कानाला हा फरक कळू नये? देवनागरीत नोंदी करतेय, काय लिहू?

उच्चारवेडा: कान शाबूत आहेत तुमचे, फरकच उरलेला नाही. सोलची तरुण मंडळी दोन्हींसाठी मधलाच एक स्वर काढतात. म्हाताऱ्या सोलकरांच्या बोलण्यात वेगळे ‘ए’ आणि ‘ॲ’ अजून सापडतात, तेही सगळ्यांच्या नाही. पण नुसतं वय पाहून चालत नाही. बुसानकडच्या ग्योंगसांग बोलीत हे दोन स्वर केव्हाच एक झाले होते, त्यामुळे तिथे आजोबाही नातवासारखेच बोलतात. 1988 चे प्रमाणभाषेचे नियम मात्र अजून 10 मूळ स्वर मोजतात!

खरी गंमत सर्वनामांची. ‘नॅगा’ म्हणजे मी, ‘नेगा’ म्हणजे तू. स्वर एक झाल्यावर ‘मी केलं’ आणि ‘तू केलंस’ सारखंच ऐकू येणार. भांडणात तर पंचाईतच. मग लोकांनी ‘तू’साठी ‘नीगा’ धरलं. प्रमाण लेखनात ते चालत नाही, तरी गाण्यांत सर्रास ऐकू येतं. छापलेल्या बोलांत ‘नेगा’, गायकाच्या तोंडी ‘नीगा’.

शिकाऊ_कोरियन: अच्छा! ते ‘नीगा’ मी वेगळा शब्द समजून शोधत बसले होते. मग एखादं नाव लिहून घेताना ते लोक काय करतात?

उच्चारवेडा: सरळ विचारतात, ‘आ-इ’वालं की ‘ऑ-इ’वालं? अक्षरांची घडणच तशी आहे: ‘ॲ’चं अक्षर ‘आ’ला ‘इ’ जोडून होतं, ‘ए’चं ‘ऑ’ला ‘इ’ जोडून; आणि पंधराव्या शतकात हंगुल लिपी आली तेव्हा उच्चारही तसेच जोडस्वरांचे होते. आपल्या ‘ह्युंदाई’च्या शेवटी हेच ‘आ-इ’वालं अक्षर आहे. कोरियात आज ते ‘ह्यॉन्दे’ असं ऐकू येतं. आपलं ‘दाई’ ही रोमन स्पेलिंगची कृपा.

जुनी_वही: ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच झालंय. ‘नुन’ म्हणजे डोळा, ‘नूऽन’ म्हणजे बर्फ. ‘मल’ म्हणजे घोडा, ‘माऽल’ म्हणजे बोलणं. जुने लोक स्वर लांबवतात. तरुण लांबवत नाहीत आणि हंगुलमध्ये ही लांबी लिहायची सोयच नाही, म्हणजे शब्दकोश उघडल्याशिवाय पत्ता लागायचा नाही. आपलं उलटं: ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहायचे वेगळे, बोलताना बहुतेकांचे एकच.

चहाबाज: ‘वे’ विसरलात! तीन वेगळी अक्षरं, तिन्हींचा उच्चार आता ‘वे’. त्यातल्या एकाचा जुना उच्चार ओठ गोल करून काढलेला ‘ए’; तो जोल्ला प्रांतातल्या म्हाताऱ्यांकडे अजून मिळतो. ‘होणे’ या क्रियापदाची रूपं लिहिताना खुद्द कोरियन माणसं या अक्षरांत गोंधळतात, आपल्याकडे ‘कि’ लिहिणारे असतात तसेच.

उच्चारवेडा: नोंदींचं राहिलंच. मूळ शब्द हंगुलमध्येच लिहा, स्पेलिंग तिथेच पक्कं होतं. देवनागरीत ‘आ-इ’वाल्या अक्षराला ‘ॲ’ आणि दुसऱ्याला ‘ए’ ठेवा. बोलताना दोन्हींना ‘ए’ म्हणा, सोलमध्ये कुणी दुरुस्त करणार नाही. ‘तू’साठी मात्र ‘नीगा’च.