बाई बॉस, बाई परीक्षक आणि कालची ती पोस्ट (लांब आहे, चहा घेऊन बसा)

कुळागर:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "बाई सुपरवायझर म्हणजे डोक्याला ताप. आणि परीक्षकांत एक बाई घातली की निकाल भावनेवर लागतो." खाली लाइकचा पाऊस. त्यात माझ्या वाड्यावरचे तिघं होते, ज्यांच्या घरात विजेच्या बिलापासून भाटातल्या सुपारीच्या हिशोबापर्यंत सगळं बायको बघते. रात्री झोप येईना म्हणून लिहायला घेतलं.

मी फार्मात अकरा वर्षं आहे, त्यातली सात पॅकिंगला सुपरवायझर. कंपनी कुठली विचारू नका. मागच्या पावसाळ्यात बॅच बदलली, लाइन क्लिअरन्सवर, म्हणजे जुन्या बॅचचं काही लाइनवर उरलं नाही याच्या कागदावर, सगळ्यांच्या सह्या झाल्या, लाइन सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली आणि कन्व्हेयरच्या पट्टीखाली मला एक ब्लिस्टर, गोळ्यांची पत्ती, दिसलं. औषध तेच, पण बॅच नंबर जुना, एक्सपायरी वेगळी. मी लाइन थांबवली आणि तोवर पॅक झालेले सगळे शिपर, म्हणजे माल पाठवायचे मोठे खोके, उघडायला सांगितले. प्रॉडक्शन हेड आला आणि म्हणाला, एक पत्ती आहे, खिशात घाल आणि लाइन चालू कर. मी नाही म्हटलं. तेव्हा सगळ्या पोरांसमोर तो बोलला, "घरी भांडण झालंय काय आज?"

तर हो, डोक्याला ताप मीच दिला.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. बाईला खुर्ची देतात, सही देत नाहीत. रजा मंजूर करायची सही माझी नाही, ओव्हरटाइमची माझी नाही. पोरं रजा मागायला माझ्याकडे येतात, मी वर विचारते, वरून नाही येतं, आणि ते नाही पोरांना सांगायचं काम तेवढं माझं. मग खडूस कोण तर मी. वरचा साहेब त्याच पोरांबरोबर शनिवारी फुटबॉल बघतो आणि देवमाणूस ठरतो.

पोयेवाला:
ताई, तुमचं खरं असेल पण माझंही ऐका. मी कळंगुटच्या बाजूला हॉटेलात फ्रंट ऑफिसला होतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं ठरलेलं, चवथीला (गणेश चतुर्थीला) ख्रिश्चन पोरं ड्युटी करणार, नाताळला आम्ही, कोणी सांगायची गरजच नाही. नवी मॅडम आली आणि पहिल्याच वर्षी चवथीच्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट लावली. घरी गणपती, बाबा आजारी, पूजेला बसायला मी एकटा. हातापाया पडलो, रोस्टर बदलणार नाही म्हणाली. ती स्वतः मात्र दीड दिवस गावाला. सांगा आता, पुरुष बॉसने हे केलं असतं?

म्हादयकाठ:
केलं असतं. माझ्या नवऱ्याच्या बॉसने केलं, तीन वर्षं ओळीने. फरक एवढाच की नवरा घरी येऊन "आमचा बॉस हलकट आहे" म्हणतो, "पुरुष बॉस हलकट असतात" असं कधी म्हणाला नाही.

निवृत्त हेडक्लार्क:
कुळागर बाई, भावना समजल्या. पण ३४ वर्षांच्या नोकरीनंतर एक सांगतो, अधिकार मागून मिळत नसतो. तिन्ही शिफ्ट करा, रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं की तिथे उभ्या राहा, मग सहीचं बोला. शिफ्ट इन्चार्ज पुरुष का असतो? तो रात्री असतो म्हणून.

कुळागर:
काका, रात्री मला कोणी ठेवलंच नाही तर मी असणार कशी? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ६६ वाचा. बाईला कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच काम करता यायचं. पुढे सवलती आल्या, अटी आल्या, पण तोवर पुरुषांची एक अख्खी पिढी नाइट करून करून इन्चार्ज झालेली. आधी कायद्याने घरी पाठवायचं आणि मग म्हणायचं, रात्रीचा अनुभव नाही. आणि हे फक्त कारखान्यात हं. नर्स रात्रभर वॉर्डात उभी असते, मासळीवाली पहाटे काळोखात मालीम जेटीवर पाटी घेऊन हजर असते, त्यांची काळजी कोणत्या कलमाला वाटली नाही.

निवृत्त हेडक्लार्क:
कायदा तुमच्या रक्षणासाठीच होता. चांगलं केलं तरी वाईट.
आणि संधी मिळत नाही हे तर बोलूच नका. शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होत्या. गोव्याला तरी शिकवू नका.

म्हादयकाठ:
पन्नास वर्षं झाली, काका अजून त्याच एका नावावर भागवतायत. त्यानंतर मुख्यमंत्री झालेली दुसरी बाई सांगा, मी थांबते.

निवृत्त हेडक्लार्क:
ताईसुद्धा आधीचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची मुलगी म्हणूनच झाल्या, हेही लिहा मग.

म्हादयकाठ:
आत्ता तुम्हीच उदाहरण दिलं आणि आत्ता तुम्हीच काढून घेतलं! बापाच्या जागेवर बसलेले मुलगे मोजायला घेऊ काय? चवथ येईल तरी संपणार नाही.

पखवाजी डिचोली:
मूळ पोस्टमध्ये परीक्षकांचा मुद्दा होता, तो सगळ्यांनी सोयीस्कर गिळला. मी सांगतो. गेल्या वर्षी एका देवळाच्या भजन स्पर्धेत तीन परीक्षक, त्यात एक बाई. आमचा अभंग झाला, गौळण झाली, गजराला तर लोक उठून उभे राहिले. निकाल लागला, आम्ही उत्तेजनार्थ. गुणपत्रिका बघितली तर दोघांनी साथीला भरभरून दिलेत आणि बाईंनी दहापैकी चार. शेरा काय, "पखवाज शब्दांवर चढतो." वीस वर्षं वाजवतोय. त्यांनी कधी पखवाजाला हात तरी लावलाय काय?

काळी चार:
मी त्या स्पर्धेला होते. चढत होता. अभंग कुठला ते मला धृपदापर्यंत कळलं नाही.

पखवाजी डिचोली:
तुम्ही कोण?

काळी चार:
बसलेली, तिसऱ्या रांगेत, कान दोन्ही शाबूत. आणि साथीला किती गुण द्यायचे हे ठरवायला पखवाज वाजवावा लागत नाही. डाळीला मीठ जास्त झालं हे सांगायला कोणी आचारी होत नाही.

पखवाजी डिचोली:
मग तुमच्या महिला मंडळात पखवाजावर बाप्या का? हार्मोनियमवर बाप्या का? गाणार तुम्ही, घाम गाळणार आम्ही, आणि बक्षिसाच्या फोटोत आम्ही मागे भिंतीला. आधी साथीला बायका बसवा मग परीक्षक व्हा.

काळी चार:
आता आलात खऱ्या दुखण्यावर. ऐका. मंडळ काढलं तेव्हा आम्ही दोघीजणी पखवाज शिकायला गेलो. बुवा म्हणाले शिकवतो, पण वाद्य तुमचं आणा. बाजारात मिळणारा पखवाज तुमच्या पट्टीचा. आम्ही गातो पेटीच्या काळी चारला, कधी पाचला, म्हणजे तुमच्यापेक्षा उंच पट्टीत. मोठ्या तोंडाचा पखवाज ठोकून ठोकून काळी चारला चढवला की पुडी, तोंडावरचं कातडं, फाटते. दोन फाटल्या. आम्हाला लहान तोंडाचा पाहिजे, तो मुद्दाम करून घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे मंडळाच्या फंडातून द्यायला समितीच्या पुरुषांची सही लागते. समिती म्हणाली, कशाला उगाच, आमचा मुलगा आहे की वाजवायला.

कुळागर:
परत सही! मी काय म्हणत होते??

पखवाजी डिचोली:
लहान तोंडाच्या पखवाजाला धुमा, डाव्या बाजूचा खोल आवाज, लागत नाही, डबडं वाटतं.

काळी चार:
डाव्या तोंडाला कणीक नीट लावली की लागतो. तुमच्याच डिचोलीत ऐकलाय मी.

पोयेवाला:
हा धागा बाई बॉसचा होता ना? मी चवथीचं विचारलं होतं, त्याचं कणकेत काय झालं?

जर्सीतला सत्तरीकार:
परीक्षक वगैरे राहू द्या, मी खऱ्या ज्युरीत बसलोय, कोर्टाच्या, जिथे साधी माणसं मिळून दोषी की निर्दोष ते ठरवतात. आपल्याकडे ती पद्धत कधीच बंद झाली. १९५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीला मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं आणि हायकोर्टाने तो निकाल फिरवला, ज्युरीवरचा उरलासुरला विश्वास तिथेच उडाला. इथे अमेरिकेत बाईने ज्युरीत बसावं की नाही यावर किती वर्षं घालवली बघा. फ्लोरिडात बाई स्वतः जाऊन नाव नोंदवेल तरच तिला बोलवायचे, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते योग्यच ठरवलं. कारण काय, तर बाई म्हणजे घराचा आणि संसाराचा मध्यबिंदू. १९७५ मध्ये लुइझियानाच्या खटल्यात ते मोडलं. नुसती बाई आहे किंवा पुरुष आहे म्हणून वकिलाने ज्युररला बाजूला काढायचं नाही, हे ठरायला १९९४ उजाडलं. इंग्लंडमध्ये १९१९ चा कायदा झाला आणि १९२० पासून बायका ज्युरीत बसायला लागल्या.

आमच्या बाराजणांची प्रमुख शाळेच्या बसची ड्रायव्हर होती. गाडीतून चोरी झाल्याचा खटला. आम्ही आठ-नऊ पुरुष पंधरा मिनिटांत "दोषी" म्हणून जेवायला निघालेलो. तिने कागदावर पार्किंगचा नकाशा काढला आणि विचारलं, हा दिवा इथे, साक्षीदार तिथे, मग चेहरा दिसला कसा? तीन तास बसवलं. राग आलेला मला, उपाशी होतो. पण भावनेवर चाललेलो आम्ही होतो, आणि ती भावना भुकेची होती.

निवृत्त हेडक्लार्क:
अमेरिकेचं इथे काय? तिथे सगळंच वेगळं. आणि सत्तरीकर असतं, सत्तरीकार नव्हे.

जर्सीतला सत्तरीकार:
नाव टाकताना चुकलं, आता बदलता येत नाही. मुद्द्यावर काही?

म्हादयकाठ:
इथलं पाहिजे ना काका, घ्या इथलं. दोन वर्षांमागे मी दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धेला परीक्षक होते. रात्री दीड वाजता एका वाड्यावर पोचलो. डीजे असा की छातीत धडधडतंय, पोरं प्यालेली. आम्ही तिघं परीक्षक, तर दोघा पुरुषांना खुर्ची आणि सोडा, मला एकजण म्हणतो, "बाय, तुका कितें कळटा?" मी काही बोलले नाही, मागच्या बाजूला गेले. पुढून राक्षस झकास, डोळे फिरतायत, हात वर-खाली होतोय. मागे बघते तर मोटरची उघडी वायर सुक्या गवताला टेकलेली आणि शेजारी पाच-सहा वर्षांची दोन पोरं पोटाखाली लपाछपी खेळतायत. मी म्हटलं, आधी मोटर बंद करा, मग गुण. दहा मिनिटं शिव्या खाल्ल्या. पुढे बसलेले दोघे परीक्षक तोंड फिरवून सोडा पीत होते. वायर शेवटी एका मोठ्या मुलाने काढली, तीही "बाय रागावली" म्हणून, पेटेल म्हणून नाही.

पखवाजी डिचोली:
हे बरोबर केलं तुम्ही. पण वायर दिसते, डोळ्यांनी दिसते. संगीताचं तसं नसतं.

काळी चार:
हो, संगीत कानांनी ऐकायचं असतं, तेच सांगतेय मघापासून.

पखवाजी डिचोली:
तुम्ही मला शिकवू नका. तुमच्यासारख्यांमुळेच लोक स्पर्धा सोडतात. आता तर परीक्षक ठरवताना एक तरी बाई पाहिजेच म्हणून ज्याला ताल कळत नाही त्यालाही बसवतात.

कुळागर:
आणि सरपंचाचा भाऊ म्हणून ज्याला बसवतात त्याला ताल कळतो? तो तर दर वर्षी असतो, त्याची गुणपत्रिका कधी मागितली?

पखवाजी डिचोली:
...त्याला काहीच कळत नाही हे मान्य. त्याने आम्हाला दहापैकी नऊ दिले होते.

काळी चार:
हाहाहा. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पखवाजी डिचोली:
काढा. गजराला कदाचित थोडा चढला असेल. अभंगाला नाही म्हणजे नाही.

पोयेवाला:
माझ्या गोष्टीतलं एक राहिलं, प्रामाणिकपणे लिहितो. ती मॅडम पुढे दुसरीकडे गेली तेव्हा कळलं, त्या वर्षी रोस्टर जीएमने लावलेला, हॉटेल फुल होतं म्हणून. तिने आधी माझं नाव सुट्टीतच घातलेलं. पण मग तिने मला तसं सांगायचं ना! मी दोन वर्षं तिला शिव्या घातल्या त्या फुकट गेल्या.

म्हादयकाठ:
सांगितलं असतं तर म्हणाला असतास, बाई आहे, साहेबापुढे तोंड उघडायची हिंमत नाही.

पोयेवाला:
म्हणालो असतो बहुतेक. दीड दिवस गावाला गेली ते मात्र मी विसरणार नाही.

निवृत्त हेडक्लार्क:
सगळं ठीक आहे, पण कुळागर बाईंनी सुरुवात केली आणि गोष्ट अर्धी टाकून बसल्या. शिपर उघडले की नाही? काही निघालं की एका पत्तीसाठी कंपनीचा अर्धा दिवस घालवलात?

कुळागर:
उघडले. बेचाळीस शिपर, रात्री साडेआठपर्यंत, माझ्याबरोबर चार मुली आणि दोन मुलगे थांबले. कदंबाची बस चुकली, शेवटी माझ्या भावाने गाडी आणून सगळ्यांना घरोघर सोडलं. सदतिसाव्या शिपरात दोन कार्टन मिळाले, आत जुन्या बॅचची ब्लिस्टर.

निवृत्त हेडक्लार्क:
मग बरोबर केलंत. वेळेत सापडलं म्हणायचं. रिपोर्टवर नाव आलं असेल ना तुमचं?

कुळागर:
प्रॉडक्शन हेडचं आलं. त्याने पकडलं असं लिहिलंय. मला त्या दिवसाचा ओव्हरटाइमही मिळाला नाही, कारण त्यावर सही त्याची लागते.

पखवाजी डिचोली:
काळी चार, लहान तोंडाचा पखवाज करून देणारा एक माणूस मला माहीत आहे, नंबर मेसेज केलाय. पैसे आधी मागतो. आणि पुडी स्वतः चढवायला जाऊ नका, परत फाडाल.