संत्र्याच्या फोटोंचा डेटा विकावा की वापराचे शुल्क घ्यावे? सल्ला हवा

बागाइतदार_वरूड
वरूड तालुक्यात आम्ही चौघांनी संत्रा उत्पादकांसाठी एक लहानसे अ‍ॅप सुरू केले. शेतकरी त्यावर झाडांचे फोटो टाकतात, एकमेकांना उपाय सुचवतात आणि आंबिया व मृग बहाराचे सौदे कोणत्या भावाने झाले तेही लिहितात. कोळशी, डिंक्या आणि फळगळ अशा संत्र्यावरील रोग-समस्यांचे हजारो फोटो आज तेथे आहेत. सर्व्हरचा खर्च मात्र आम्ही आजवर खिशातूनच भागवला. आता एका कंपनीने रोग ओळखणारी संगणक प्रणाली शिकवण्यासाठी हे सर्व एकरकमी विकत मागितले आहे. मोठी समाजमाध्यमे असे पैसे कशी आकारतात आणि आम्ही काय मागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तंत्रस्नेही_अमरावती
भाऊ, संपूर्ण साठा एकरकमी देऊ नका. समाजमाध्यमांची मुख्य कमाई जाहिरातींचीच असते. ट्विटरच्या 2021 मधील सुमारे 508 कोटी डॉलर उत्पन्नात डेटा परवाने व इतर बाबींचा वाटा सुमारे 57 कोटींचा होता. 2023 मध्ये त्यांनी बाहेरच्या अ‍ॅप्सना डेटा घेण्यासाठी असलेला विनामूल्य प्रवेश जवळजवळ बंद करून दरमहा 100 डॉलरपासून पुढचे टप्पे ठेवले. रेडिट या चर्चा-संकेतस्थळाने त्याच वर्षी जुलैपासून दर हजार विनंत्यांना (म्हणजे अ‍ॅपने हजार वेळा डेटा मागवला की) 24 सेंट असा दर लावला, आणि तो न परवडल्याने रेडिट वाचण्याचे अपोलो हे लोकप्रिय अ‍ॅप बंद पडले.

विनंत्यांवर आकारलेला दर रोज ताजी माहिती लागणाऱ्यांसाठी, म्हणजे भाव पाहणारे व्यापारी किंवा अ‍ॅप बनवणारे यांच्यासाठी योग्य आहे. प्रणाली शिकवणारी कंपनी मात्र फोटो एकदाच नेते आणि प्रणाली एकदा शिकली की ते शिक्षण सहजी परत घेता येत नाही. म्हणूनच रेडिटने अशा ग्राहकांशी दोन-तीन वर्षांचे परवाना करार केले, ज्यांचे एकत्रित मूल्य 2024 च्या समभाग विक्रीच्या कागदपत्रांत 20.3 कोटी डॉलर असे नमूद होते. तुम्हीही मुदत, वापराचा उद्देश आणि पुढे कोणाला न देण्याची अट लिहून घ्या. नवीन हंगामाच्या फोटोंचे पैसे दरवर्षी वेगळे मागा, कारण कंपनीला खरी गरज त्यांचीच राहील. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्यांना प्रवेश विनामूल्य ठेवावा, असे माझे मत आहे.

पांढरे_सोने_वणी
दर ठरवण्याआधी फोटो कोणाचे आहेत ते पाहावे. आमच्या गटाने बोंडअळीचे फोटो एका कंपनीला चांगुलपणाने दिले. पुढच्या हंगामात त्याच फोटोंवर बनलेली सेवा आमच्याच शेतकऱ्यांना वर्गणी लावून विकली गेली, आणि करारच नसल्यामुळे आम्हाला काही बोलताही आले नाही. ते अजून मनाला लागते.

तुमच्याकडच्या एखाद्या फोटोत खोडातून डिंक वाहत असेल, शेजारी शेतकऱ्याचा अंगठा असेल आणि खाली ‘बोर्डो पेस्ट लावू का?’ असा प्रश्न जमिनीच्या गट क्रमांकासह असेल. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. ते काढून टाका, नावे व गट क्रमांक पुसा, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला अपेक्षित आहे त्याप्रमाणे नेमका उद्देश सांगून संमती घ्या. जो नाही म्हणेल त्याचे फोटो वगळा, आणि ‘ही सेवा आमच्या सभासदांना विनाशुल्क राहील’ हे कलम पैशांच्या आधी मागा.

बागाइतदार_वरूड
ताई, हे कलम आमच्या मनातही आले नव्हते. कंपनीला एकरकमी व्यवहारास आजच नकार कळवला आहे. आता दोन वर्षांचा परवाना मागतो आणि मिळणाऱ्या रकमेतून आधी सर्व्हरचा खर्च, नंतर फोटो देणाऱ्यांचा वाटा असे ठरवतो. संमतीपत्र पारावर वाचून दाखवता येईल इतक्या सोप्या मराठीत हवे आहे. कोणाकडे नमुना असल्यास येथे द्यावा.