आजीला नात ‘वाळलेली’ दिसते, सोसायटीला ‘सुटलेली’. पोरीनं खायचं तरी किती?

भोसरीची_सून:
सासूबाई बीड जिल्ह्यातल्या. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला होत्या, कामावर वाटलेली सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले. पुढं सासऱ्यांना भोसरीत कारखान्यात काम लागलं आणि बिऱ्हाड इथं आलं. त्यांच्या लेखी अंगावर मांस म्हणजे घरात धान्य. आमची मुलगी १३ वर्षांची. गावाकडून आलेलं माणूस आधी तिचं मनगट धरून बघतं: “पुण्यात राहून वाळलीच की गं, आई घालते का नाही खायला?” त्याच आठवड्यात सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, “सुटलीस गं जरा.” महिनाभर डबा रिकामा येत होता, मी खूश. परवा कळलं, अर्धा डबा मैत्रिणीला देते.
मी घरात जाहीर केलं, कुणाच्याही अंगाबद्दल बोलायचं नाही. मायेनं नाही, टोमण्यानं नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं चुकलं का?

उस्मानाबादी_शेळी:
चुकलं. राग मानू नका ताई. आमच्याकडं “कसा आहेस” कुणी विचारत नाही, “वाळलास” म्हणतात. ती विचारपूस झाली. मी सदाशिव पेठेत पाच वर्षं स्पर्धा परीक्षा केली, मेसच्या वरणात डाळ शोधत. दिवाळीला घरी गेलो की आई पाठीवरून हात फिरवताना बरगड्या मोजायची आणि परतताना पिशवीत धपाटे, शेंगाचटणी. बोलणं बंद करा म्हणता, मग ती पिशवीही बंद करा. शहरात दोन पिढ्या काढल्या की आपल्याच माणसांचं बोलणं टोचायला लागतं.

कोथरूडची_माहेरवाशीण:
तुम्ही मुलगा होतात हो! बरगड्या दिसल्या की पानात तूप वाढलं, विषय संपला. मला आजी पंधरा वर्षं “खा गं बाई” म्हणाली आणि स्थळं बघायला लागल्यावर त्याच तोंडानं “एकच पोळी घे”. लग्नानंतर आठ वर्षं न्यू जर्सीत होते. दर खेपेला घराचा उंबरा ओलांडायच्या आत निकाल लागायचा, “अमेरिका मानवलेली दिसते!” आणि लगेच पुढ्यात पुरणपोळ्यांचं ताट. नाही खाल्लं तर “तिकडं जाऊन शिष्ट झाली”. खाल्लं तर आहेच.

वजनकाटा:
बोलणं थांबवा, पण वजनाकडं डोळेझाक नको. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून जवळपासच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास करत आले. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. वाळकी दिसतात, पण कमी पडतो तो मुख्यतः स्नायू, चरबी त्या मानानं शाबूत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. चरबी सहकाऱ्याच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. भारतीयांना २३ पासूनच जास्त वजन धरतात ते याचसाठी, युरोपीय माणसाला २५. अशा लपलेल्या चरबीनं मधुमेहाचा धोका वाढतो, त्यामुळं सासूबाई सडपातळ असल्या तरी त्यांची साखर एकदा तपासून घ्या.

उस्मानाबादी_शेळी:
म्हणजे नुसतं बघून काही कळत नाही. लिफ्टमधल्या काकू बाद!

वजनकाटा:
काकू बाद आणि तुमच्या आईचं बरगड्या मोजणंही बाद. आणखी एक, बीएमआयचे वरचे आकडे मोठ्या माणसांचे आहेत. वाढत्या मुलीला वयाप्रमाणे वेगळा तक्ता असतो, तो बालरोगतज्ज्ञाला बघू द्या. मला तिच्या वजनापेक्षा वाटून टाकलेल्या डब्याची काळजी जास्त वाटते. त्यावर न रागावता बोला.

मांजरी_बुद्रुक:
तुमचं चालू द्या. आमच्या बांधकामाच्या साईटवर यवतमाळकडची कुटुंबं आहेत, पोराच्या अंगावर जरा बाळसं दिसलं तर पेढे वाटतील. गावी ज्वारी होती, इथं पत्र्याच्या खोलीत भाकरी थापायला वेळ कुणाला? पोरांना सकाळी चहात खारी, दुपारी पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा. बापाचं पोट सुटलेलं आणि आईच्या अंगात रक्त नाही, एकाच खोलीत. त्यांना जाडबारीक काही म्हणायलाही कुणी फिरकत नाही.

कोथरूडची_माहेरवाशीण:
हे खरंय. पण म्हणून त्या पोरीचा अर्धा डबा खोटा ठरत नाही.

भोसरीची_सून:
काल सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. मिलोचं नाव निघालं आणि अबोला सुटला. ती भाकरी घशाखाली उतरायची नाही, तरी धाकट्या भावाच्या वाटची चोरून खाल्ली होती, हे मला लग्नाला सोळा वर्षं होऊन पहिल्यांदा कळलं. लेक मोबाईल बाजूला ठेवून ऐकत बसली. “मग तो भाऊ काय जेवला?” तिनं विचारलं. सासूबाई उठून भांडी घासायला गेल्या.
साखर तपासायला मात्र साफ नकार. “मला काय धाड भरलीय, मी तर वाळकीच आहे.” वजनकाटा, आता त्यांना तुम्हीच समजवा.