क्रीम चोळताना पांढरे पट्टे, चौथ्या दिवशी रवा

कोपरखैरणेकर
फेस क्रीमची २०० ग्रॅमची बॅच. टक्केवारी अशी: डिस्टिल्ड वॉटर ७०.७, इमल्सिफायिंग वॅक्स ६, सिटाइल अल्कोहोल ३, स्टिअरिक अ‍ॅसिड ३, शिया बटर ४, बदाम तेल ८, ग्लिसरीन ३, झँथन गम (दाटपणासाठी) ०.३, अ‍ॅलँटॉइन (त्वचा शांत करणारी पूड) १, फिनॉक्सीइथेनॉल (टिकाऊपणासाठी) १. पाण्याचा आणि तेलाचा, दोन्ही भाग ७० अंशांवर एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवला. गालावर चोळलं की पांढरे पट्टे उठतात, मिनिटभराने जिरतात. वर चौथ्या दिवशी क्रीम रवाळ! चुकलं कुठे?

घणसोली_लॅब
हे दोन वेगळे दोष आहेत, एकत्र करू नका. चोळताना पांढरं होऊन जिरतं ते 'सोपिंग'. इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक, इथे वॅक्स) आणि घट्ट करणारा माल जास्त झाला की चोळताना त्यात बारीक हवा अडकते आणि ती पांढरी दिसते. तुमच्याकडे शिया आणि बदाम तेल मिळून १२ टक्के, त्यांना धरायला वॅक्स, सिटाइल, स्टिअरिक मिळूनही १२! वॅक्स ५ करा, सिटाइल १.५, स्टिअरिक बंद. तेलाच्या भागात डायमेथिकोन ३५० (हा पांढरेपणा दाबणारं सिलिकॉन तेल, ३५० हा दाटपणाचा आकडा), १ टक्का. उरलेलं पाण्याने भरा. क्रीम जरा पातळ होईल, पण म्हणून झँथन वाढवत बसू नका, नाहीतर मळ निघावा तशा वळ्या निघतील.

ब्लेंडरकडेही बघा. २०० ग्रॅम माल पसरट भांड्यात घेतला की पातं अर्धं उघडं राहतं आणि हवाच घुसळली जाते. उंच, अरुंद भांडं घ्या, पातं तळाशी टेकवून २०-३० सेकंद चालवा, पुढे स्पॅच्युला.

नौपाडा_बॅच
रव्याचं बोलतो. तुपाला रवा हवा, क्रीमला नको :) एक कण दोन बोटांत धरून हळू दाबा. वितळून तेलकट झाला तर शिया. काचेच्या चुऱ्यासारखा टोचला, वितळला नाही, पण कोमट पाण्याच्या थेंबात विरघळला, तर अ‍ॅलँटॉइन. मला दुसऱ्याचाच संशय आहे. साध्या तापमानाला अ‍ॅलँटॉइन पाण्यात जेमतेम अर्धा टक्का विरघळतं. तुम्ही साधारण १४१ ग्रॅम पाण्यात २ ग्रॅम घातलंय. गरम असताना विरघळलं, गार झाल्यावर जास्तीचं बाहेर पडलं. ०.३ टक्के पुरे.

शिया निघाला तर तेलाचा भाग ७५ अंशांवर वीसेक मिनिटं धरा. इमल्शन झालं की भांडं गार पाण्यात ठेवून सतत ढवळत उतरवा. ओट्यावर आपोआप निवायला सोडलेलं शिया बटर हमखास रवा धरतं. आणि क्रीम पूर्ण गार झाल्यावरच डबीत भरा. गरम भरलं की झाकणाला घाम येतो, ते पाणी क्रीमवर ठिबकतं आणि तिथेच बुरशी धरते. पावसाळ्यात तर जास्तच.

ऐरोली_स्किन
बाजारातल्या डे क्रीमचा पांढरेपणा जिरतच नाही. तेही सोपिंगच का?

घणसोली_लॅब
नाही. डबीवर झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा त्याचाच रंग-क्रमांक सीआय ७७८९१ शोधा. ती ऊन अडवणारी पांढरी पूडच आहे, कितीही चोळा. त्यात दुसरं मॉइश्चरायझर मिसळू नका, उन्हापासूनचं संरक्षण पातळ होतं. टिंट (त्वचेच्या रंगाची छटा) असलेलं घ्या.

कोपरखैरणेकर
कण टोचतो, कोमट पाण्यात गेला. अ‍ॅलँटॉइनच. आता ५० ग्रॅमच्या दोन बॅच करतो, डायमेथिकोनसह आणि त्याशिवाय.