मदत हवी आहे: वजन योग्य, तरीही फॅटी लिव्हर आणि वाढलेली साखर

नमस्कार. हा प्रश्न मी माझ्या मोठ्या भावासाठी विचारत आहे. तो नागपुरात धरमपेठेत राहतो. वय ४६, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ च्या आत. काम दिवसभर बसून असते आणि उन्हाळ्यात फिरणेही सुटते. नुकत्याच झालेल्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेद) २२८, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३४ असे आकडे आले आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, दिसले. कंबर ९४ सेंटिमीटर भरली. डॉक्टरांनी औषध न देता चरबी कमी करण्यास सांगितले आहे, पण आमच्या घरात कोणीही त्याला लठ्ठ म्हणणार नाही. उलट वहिनींचे वजन त्याच्याहून बरेच जास्त असून त्यांचे सर्व अहवाल व्यवस्थित आहेत. दोष चरबीचाच असेल, तर ज्याच्या अंगावर ती कमी त्यालाच त्रास का व्हावा? एका परिचितांनी लायपोसक्शन, म्हणजे चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया, सुचवले आहे. त्याचा काही उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

वहिनींची चरबी बहुधा त्वचेखाली, मांड्या व नितंबांवर साठत असावी. भावाची मात्र पोटाच्या पोकळीत आणि यकृतात साठत आहे, असे कंबर आणि सोनोग्राफी यांवरून दिसते. जास्तीची ऊर्जा त्वचेखालच्या मेदपेशींत नीट सामावली जाते तोवर फारसे बिघडत नाही. ती क्षमता संपली की आहेत त्याच पेशी फुगतात, त्यांच्याभोवती मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी गोळा होतात, ॲडिपोनेक्टिन हे हितकारक संप्रेरक घटते आणि मेद रोखून धरणाऱ्या इन्सुलिनला न जुमानता मेदाम्ले (फॅटी ॲसिड) रक्तात सुटत राहतात. ही मेदाम्ले यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतात. यकृत त्यांचेच ट्रायग्लिसराइड करून पुन्हा रक्तात सोडते, आणि २२८ हा आकडा बहुधा तेथूनच आला असावा. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ विकारात अंगावर मेद जवळजवळ नसतो, तरीही त्या रुग्णांना तीव्र मधुमेह व फॅटी लिव्हर होते. साठवायला जागाच नसणे किती घातक असते, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

आपल्या लोकांत ही ठेवण सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० धरतात, ती याच कारणाने.

लायपोसक्शनचा विचार सोडून द्यावा. त्यात त्वचेखालचीच चरबी निघते, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी भाग जातो आणि यकृतातला तसाच राहतो. २००४ मधील एका अमेरिकी अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील सुमारे १० किलो चरबी काढूनही इन्सुलिनचा परिणाम सुधारला नव्हता.

व्यायामाने मात्र पोटातील व यकृतातील चरबी वजनकाटा फारसा न हलताही कमी होऊ शकते, त्यामुळे भावाने वजनापेक्षा कंबर मोजत राहावी. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि सोबत स्नायूंना ताण देणारे व्यायाम हवेत. मे महिन्यात अंबाझरी तलावावर पहाटे जाणे जमत नसेल, तर घरातच करावेत, पण खंड पडू देऊ नये. गोड पेये आणि मद्य घेत असल्यास ते बंद करावे. तीन-चार किलो वजन उतरले तर चांगलेच, परंतु उपाशी राहून स्नायू झिजवू नयेत. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे का, हे आपण लिहिलेले नाही. डॉक्टरांना ते अवश्य सांगावे आणि एचबीए१सी पुन्हा केव्हा करायचे, हेही त्यांनाच विचारावे.