सार्वजनिक पैसा आणि आपले रोजचे आयुष्य: नाशिककरांनो, आपले अनुभव लिहा

गोदाकाठ:
सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीसाठी पंचवटीतले रस्ते पुन्हा खणले जाताना पाहिले आणि २००३ सालची आमची गल्ली आठवली. त्या वेळी मी महाविद्यालयात शिकत होते. वर्षानुवर्षे मागूनही न मिळालेले पथदिवे सिंहस्थाच्या आधी काही आठवड्यांत लागले, उघड्या गटारीवर फरशा बसल्या, घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांची डागडुजी झाली. शाळेत शिकवणारे माझे वडील रोज संध्याकाळी ते काम पाहून येत आणि जेवताना समाधानाने सांगत की आता म्हाताऱ्या माणसांना नदीवर जाताना हात धरावा लागणार नाही. पर्वण्या संपल्या, आखाडे परतले, आणि पुढच्या पावसाळ्यापासून एकेक दिवा बंद पडत गेला. वडील तक्रार नोंदवायला गेले की त्यांना उत्तर मिळे: दिवे बसवण्याचा निधी सिंहस्थाचा होता, दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद नाही.

आज स्वतः घरपट्टी भरू लागल्यावर त्या उत्तराचा मला राग येतो. बांधायला पैसा येतो आणि सांभाळायला येत नाही, हे आपण इतके गृहीत धरले आहे की कोणत्याही उद्घाटनाच्या वेळी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीबद्दल कोणी विचारतही नाही. आता ३१ ऑक्टोबर २०२६ चे ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ चे पहिले अमृतस्नान डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा मोठा खर्च होत आहे. सरकारी खर्च आपल्या दारापर्यंत कसा पोहोचला किंवा कसा पोहोचला नाही, याचे आपले स्वतःचे अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे. पक्षांची नावे घेऊन भांडण नको. मत मात्र निःसंकोच मांडावे.

जुना पंचवटीकर:
ताई, आपल्या वडिलांसारखी माणसे आमच्याही वाड्यात होती. तरीही सिंहस्थाचा खर्च म्हणजे उधळपट्टी, असे सरसकट कोणी म्हणू लागले तर मला ते पटत नाही. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे येणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला, आणि त्या दिवशीचा आक्रोश आमच्या पिढीने आपल्या कानांनी ऐकला आहे. २०१५ च्या आधी नवे घाट बांधले गेले, गर्दी वेगवेगळ्या दिशांना वळवण्याची आखणी झाली, आणि त्या पर्वण्या अशा दुर्घटनेशिवाय पार पडल्या. त्यासाठी खर्च झालेल्या पैशाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

माझे दुःख वेगळे आहे. रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड या परिसरात नदीचा तळ काँक्रीटने झाकला गेला. लहानपणी आम्ही ज्या पाण्यात पोहायला शिकलो ते पाणी जिवंत झऱ्यांचे होते, आणि भर उन्हाळ्यातही कुंडात उतरले की पायांना गार लागत असे. आता धरणातून पाणी सोडावे तेव्हा कुंडे भरतात. पुढे ते काँक्रीट काढावे म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. म्हणजे ओतायलाही आपलाच पैसा आणि काढायलाही आपलाच. गोदावरीला पूर आला की आजही आम्ही दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून सराफ बाजारातल्या दुकानदारांना फोन करतो. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरातही तेच केले. त्या मूर्तीच्या देखभालीला कधी मोठा निधी लागला नाही, आणि तिने आम्हाला कधी चुकीची सूचनाही दिली नाही.

सिडकोतली आई:
कुकर होईपर्यंत एवढेच लिहिते. आमच्या घराजवळच्या उद्यानात नवी खेळणी बसली तेव्हा फीत कापण्याचा कार्यक्रम झाला होता. आता झोपाळ्याची साखळी तुटून बरेच महिने झाले आहेत आणि मुले त्या लोंबत्या साखळीलाच धरून खेळतात. मला भीती वाटते. साखळीसाठी फीत कापली जात नाही, म्हणून ती बदलली जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातपूरचा कामगार:
सिडकोतल्या ताई, साखळी बदलून मिळेपर्यंत ती काढून तरी टाकायला सांगा. आमच्याकडे एका मुलाच्या कपाळाला अशीच खोक पडली होती.

मी बसबद्दल लिहितो. दुसरी पाळी सुटल्यावर सातपूरहून नाशिकरोडला घरी जायचे म्हणजे पूर्वी रिक्षासाठी दोन-तीन जणांची जुळवाजुळव करावी लागे. शहरातली बससेवा एसटीकडे होती तेव्हा शेवटच्या काळात गाड्या फारच कमी उरल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली, आणि माझ्यासारख्या माणसाच्या महिन्याच्या हिशेबात सरळ फरक पडला. मधूनमधून संप होतात आणि गाडीची वाट पाहावी लागते, तरीही ही सेवा मला हवी आहे. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या चर्चेत बससेवेचा तोटा काढला जातो तेव्हा मात्र मला मनापासून वाईट वाटते. उड्डाणपुलाचा तोटा कोणी काढत नाही. बागेचा, रस्त्याचा, चौकातल्या कारंज्याचाही काढत नाही. कामगार, विद्यार्थी आणि कामाला जाणाऱ्या बायका ज्या गाडीतून जातात तिलाच दरवर्षी हिशेब का द्यावा लागतो?

१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते. रबरी टायरवर धावणारी मेट्रो निओ देशात पहिल्यांदा आपल्याकडे येणार, म्हणून कारखान्यात आम्ही पेढे वाटले होते. ती अजून नाशिकच्या रस्त्यावर आलेली नाही. तोपर्यंत आहेत त्या बसगाड्या वाढवाव्यात आणि रात्री अकरानंतरच्या फेऱ्या नेमाने सोडाव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

निवृत्त अभियंता, इंदिरानगर:
मूळ प्रश्न देखभालीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आयुष्यभर सार्वजनिक बांधकामाच्या निविदा पाहिल्या आहेत. राज्याकडून किंवा केंद्राकडून येणारा विशेष निधी बहुतेक वेळा भांडवली कामांसाठी बांधलेला असतो. त्यातून रस्ता करता येतो, पण तो रस्ता झाडणाऱ्याचा पगार देता येत नाही. पगार, वीजबिल, दुरुस्ती हा महसुली खर्च शहराने स्वतःच्या उत्पन्नातून करायचा असतो. त्या उत्पन्नाचे काय झाले हे पाहा. २०१३ मध्ये नाशिकची जकात गेली आणि एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर त्या जागी राज्याकडून दरमहा भरपाईचे अनुदान येऊ लागले. शहराच्या हातात स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न उरले ते मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क. घरपट्टी वाढवायला कोणताही लोकप्रतिनिधी धजत नाही आणि वाढवली तर आपणच मोर्चा काढतो. सिंहस्थाच्या निधीतून उभे राहिलेले दिवे, घाट, पूल, शौचालये मात्र दर बारा वर्षांनी वाढत जातात, आणि त्यांचा रोजचा खर्च याच तुटपुंज्या उत्पन्नावर येऊन पडतो. गोदाकाठ ताईंच्या वडिलांना मिळालेले उत्तर उद्धट असेल, पण ते खोटे नव्हते.

यावर उपाय आहे. निविदेत दोष दायित्व कालावधी नावाची अट असते, आणि त्या मुदतीत रस्ता उखडला किंवा गळती लागली तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. ही मुदत कधी संपते हे बहुतेक नागरिकांना माहीतच नसते, त्यामुळे तक्रार मुदत उलटल्यावर जाते. कामाच्या जागी ठेकेदाराचे नाव, रक्कम आणि दोष दायित्वाची अखेरची तारीख लिहिलेला फलक लावणे आणि तो टिकवणे, यावर प्रत्येक गल्लीने आग्रह धरला पाहिजे. फलक लावल्यानंतर काही दिवसांत नाहीसा होतो, असा माझा सर्वत्र अनुभव आहे.

सिडकोतली आई:
काका, उद्यानातल्या खेळण्यांनाही अशी मुदत असते का?

निवृत्त अभियंता, इंदिरानगर:
पुरवठ्याच्या करारात हमीची मुदत बहुधा असते. कराराची प्रत मागवून पाहा.

निफाडची सून:
मी शहरातली नाही, पण सासूबाईंच्या उपचारांसाठी नाशिकला सतत येणे असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून त्यांच्यासोबत कोणी जायचे यावर घरात चर्चा होत नाही, मीच जाते. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये माझ्या खात्यात येतात, आणि लग्नानंतर प्रथमच माझ्या नावावर असा पैसा आहे ज्याचा हिशेब मला कोणी विचारत नाही. येथे काही जण याला करदात्यांच्या पैशांची खिरापत म्हणतील, म्हणून आधीच सांगते: कर मीही भरते. चपलेवर, साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी सगळ्यांनाच द्यावा लागतो, त्यात श्रीमंत आणि गरीब असा भेद नाही.

मात्र त्याच घरात कांद्याचे काय झाले तेही लिहिले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आला होता. लासलगावच्या बाजारातले भाव कोसळले आणि घरातल्या माणसांनी बोलणे बंद केले. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून घेतलेल्या निर्णयाची किंमत अंदाजपत्रकात कुठेही दिसत नाही, कारण ती सरकारने भरलेली नसते, आम्ही भरलेली असते. माझ्या दृष्टीने तोही सार्वजनिक खर्चच आहे.

कॉलेज रोडवरून:
ताई, आपले कांद्याबद्दलचे म्हणणे मला पूर्ण पटले, आणि शहरातल्या माणसांनी ते वाचायला हवे. योजनेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. बायकांच्या खात्यात पैसे जाण्याला माझा विरोध नाही. विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी योजना जाहीर होते, अर्जांची छाननी नंतर केली जाते आणि मग पात्र-अपात्रतेच्या याद्यांमध्ये गरजू बायकाच हेलपाटे घालत बसतात, या पद्धतीला आहे. शिवाय राज्याची तिजोरी एकच आहे. तिच्यातून दरमहा इतकी मोठी रक्कम जाऊ लागली की ज्या खर्चामागे कोणी मतदार उभा नसतो त्यालाच आधी कात्री लागते, म्हणजे पुन्हा देखभालीलाच.

निफाडची सून:
छाननीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. आमच्या शेजारणीचे पैसे थांबले आणि कारण कोणी सांगत नाही. पण कात्री लावायचीच असेल तर ती आमच्यापासून का सुरू व्हावी, एवढे मात्र विचारते. आता दूध काढायची वेळ झाली.

नाशिकरोड, निवृत्त:
मी छापखान्यात नोकरी केली. शाई आणि यंत्रांनी बोटांचे ठसे झिजलेले, त्यामुळे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा म्हणजे परीक्षाच असे. ठसा उमटला नाही की पुन्हा रांग. २०२१ पासून चेहरा दाखवून मोबाइलवर हा दाखला देण्याची सोय झाली, आणि गेल्या वर्षी नातीने घरातच खुर्चीवर बसवून काम पूर्ण केले. या सोयीवर सरकारने किती खर्च केला हे मला ठाऊक नाही, पण तो माझ्यापर्यंत पोहोचला, याची साक्ष द्यावीशी वाटली. आमच्या इमारतीतल्या एका विधवा आजींकडे साधा फोन आहे आणि नातवंडे परगावी आहेत. त्यांना मात्र अजूनही रिक्षा करून जावे लागते. प्रत्येक प्रभागात एक माणूस घरोघरी जाऊन हे करून देईल, एवढी व्यवस्था सहज होऊ शकेल.

कॉलेज रोडवरून:
आजोबा, त्या आजींसाठी पुढच्या नोव्हेंबरात मी येऊ शकते. निरोप पाठवा.

नाशिकरोड, निवृत्त:
फार बरे वाटले, बाळ. त्यांना आजच सांगतो.

तपोवनातला सकाळचा फिरणारा:
२०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली सुमारे १,८०० झाडे तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आयुष्यात प्रथमच मी हरकत लिहून दिली. माझ्यासोबत रांगेत वारकरी होते, शाळेतली मुले होती आणि माझ्याशी एरवी राजकारणावर कडाडून भांडणारे शेजारीही होते. झाडाला वीज लागत नाही, ठेकेदार लागत नाही, आणि एकदा वाढले की ते बिनखर्चाची सावली देते. अशा मालमत्तेची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला धरली जात नाही, हे मला चुकीचे वाटते.

आडगावचा तरुण:
मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. मला मतदानाचा हक्क मिळाल्यानंतरची ही पहिलीच महापालिका निवडणूक. त्या सगळ्या काळात आमच्या रस्त्याबद्दल नेमके कोणाला विचारायचे हे घरातल्या मोठ्या माणसांनाही सांगता येत नव्हते. आता चार सदस्यांचा प्रभाग आहे, म्हणजे विचारायला चार जण आहेत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अभियंता काकांनी सांगितलेली मुदत आमच्या रस्त्यासाठी कशी शोधायची?

निवृत्त अभियंता, इंदिरानगर:
माहितीच्या अधिकारात जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात अर्ज करावा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, एका अर्जात एकच विषय ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा. कामाचा कार्यादेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोष दायित्व कालावधीची अखेरची तारीख, या तीनच गोष्टी मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते. प्रतींसाठी पानाला दोन रुपये पडतात.

गोदाकाठ:
अभियंता काकांचे आभार. आमच्या गल्लीत सध्या बसत असलेल्या दिव्यांसाठी मी सोमवारी हाच अर्ज देणार आहे. सिडकोतल्या ताई, आपल्याला उद्यानाच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, रात्री लिहून पाठवते.

सिडकोतली आई:
हो, नक्की पाठवा. साखळी यांनी आज तारेने वर बांधून ठेवली आहे.